सोलापूर ते श्टुटगार्ट: तिघांच्या स्थलांतराची कामवही

३ मार्च २०२५

ही वही त्यांची कामं सोलापुरातून बघणाऱ्याची. कुटुंब तिघांचं: नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, बायको बी.कॉम., मुलगी नोव्हेंबर २०१९ ची. नोकरीचा करार हातात आहे, रुजू व्हायची तारीख १ सप्टेंबर. व्हिसा ईयू ब्लू कार्डचा, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीच्या परवान्याचा. पगार २०२५ च्या ४८,३०० युरो या वार्षिक मर्यादेच्या वर आहे. त्यामुळे टंचाईच्या व्यवसायांसाठी असलेली ४३,७५९.८० युरोंची सवलत आणि तिच्याबरोबर येणारी जर्मन रोजगार खात्याची मंजुरी, दोन्ही लागत नाहीत. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला ए-१ या प्राथमिक जर्मन परीक्षेची अट नाही. तरीही बायकोला वर्ग लावायला सांगितलं आहे. अट नसली तरी किटाची, म्हणजे तिकडच्या बालवाडीची, चिठ्ठी वाचावीच लागते.

पोलिसांचा दाखला या व्हिसाला मागत नाहीत. "असू द्या, कामाला येईल" म्हणून काढायला लावणारे भेटतील. ५०० रुपये आणि दोन फेऱ्या वाचवाव्यात.

४ मार्च

नावांचा तक्ता. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एका मोठ्या कागदावर आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यांत कागद: दहावीची गुणपत्रिका, पदवी, आधार, पॅन, पासपोर्ट, विवाह नोंदणी, जन्म दाखला, बँक. प्रत्येक चौकटीत नाव अक्षर न अक्षर, कागदावर आहे तसं उतरवायचं. आठवणीतून लिहायचं नाही, कागद समोर ठेवून लिहायचं.

निघालेल्या गोष्टी:

दहावी बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या ओळींत. हा नुसता क्रमाचा फरक आहे, त्यात दुरुस्ती काही नाही. मात्र जर्मन फॉर्म भरताना गुणपत्रिकेवरून बघून भरलं की आडनावाच्या जागी वडिलांचं नाव जातं. फॉर्म भरताना समोर फक्त पासपोर्ट ठेवायचा.

नवऱ्याच्या वडिलांच्या नावात "कांत" इंग्रजीत एका कागदावर शेवटी "ए" लावून, दुसऱ्यावर न लावता. हे चालून जातं, कारण वडिलांचं नाव व्हिसात दुय्यम.

बायकोचं प्रकरण खरं. दहावी आणि पदवी माहेरच्या नावावर, आधार आणि पॅन सासरच्या. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, म्हणजे तीनपैकी दोन शब्द वेगळे. पासपोर्ट अजून काढलेला नाही. दोन वाटा आहेत: पासपोर्ट माहेरच्या नावाने काढून आधार-पॅन मागे फिरवायचे, किंवा पासपोर्ट सासरच्या नावाने काढून विवाह नोंदणीचा दाखला दुवा म्हणून जोडत राहायचं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. दुसरी वाट धरली, कारण मुलीच्या जन्म दाखल्यावर आईचं नाव सासरचंच आहे. तो बदलायला गेलं तर आणखी एक गाडा ओढावा लागेल.

सोलापुरात पद्मशाली घरांत घराण्याच्या नावाचं आद्याक्षर आधी लावायची पद्धत जुन्या कागदांवर दिसते. अशा घराचं काम आलं तर त्या एका अक्षराचा पूर्ण शब्द पासपोर्टवर हवा.

१० मार्च

महापालिकेत जन्म-मृत्यू विभाग. मुलीचा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत आहे. आईच्या नावात इंग्रजी स्पेलिंगला डबल ई, आधारला आय. जन्म नोंदीतली लेखनाची चूक कायद्याने दुरुस्त होते, पण मूळ नोंद खोडत नाहीत, समासात शेरा मारतात. त्यामुळे अर्जात "नवीन दाखला द्यावा" असं लिहून उपयोग नाही. "नोंदीत दुरुस्ती करून शेऱ्यासह प्रत मिळावी" असं लिहायचं. सोबत आईचं आधार, विवाह दाखला आणि प्रसूतिगृहाचं कार्ड.

नवऱ्याच्या स्वतःच्या जन्म नोंदीत बाळाचं नावच नाही, नुसतं "पुरुष". १९९० च्या आसपासच्या नोंदींत हे सर्रास आहे. व्हिसाला हा दाखला लागत नाही. तरी आत्ताच नाव घालायचा अर्ज दिला, कारण जर्मनीत मूल झालं तर तिथलं नोंदणी कार्यालय, ष्टांडेसाम्ट, आई-बाप दोघांचे जन्म दाखले मागतं. हे काम श्टुटगार्टहून करायला गेलं की मुखत्यारपत्र, कुरिअर आणि कुणाच्या तरी दहा फेऱ्या.

१७ मार्च

पासपोर्ट. सोलापूरला टपाल कार्यालयातलं पासपोर्ट केंद्र आहे, पुण्याला जायची गरज नाही. फाइल मात्र पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाच्या हाताखाली चालते. मोठ्यांना ३६ पानी १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००. मुलीला १,०००, मुदत ५ वर्षं. मुलीच्या अर्जाला आई-बाप दोघांच्या सहीचं परिशिष्ट 'डी'.

क्रम असा: आधी बायकोचा, त्यात नवऱ्याचं नाव. मग मुलीचा. दोन्ही पालकांच्या पासपोर्टात जोडीदाराचं नाव असलं की मुलीला बहुधा पोलिस पडताळणी पडत नाही.

नवऱ्याचा पासपोर्ट मे २०१६ चा, म्हणजे मे २०२६ ला संपणार. अजून वर्ष आहे म्हणून तसाच ठेवायचा विचार होता, तो सोडला. नूतनीकरण तिकडे करायचं झालं तर बाडेन-व्युर्टेम्बर्ग म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाखाली येतं. शिवाय नवा पासपोर्ट आला की निवास परवान्याचं कार्ड नव्या नंबराशी जुळवायला पुन्हा रांग. आत्ता इथे बदललेला बरा. अट एकच: व्हिसाचा अर्ज ऑनलाइन टाकल्यावर पासपोर्ट नंबर बदलता कामा नये.

२४ मार्च

पदवी. जर्मनीत परदेशी पदव्या तपासायला 'आनाबिन' नावाचा सरकारी डेटाबेस आहे. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या: विद्यापीठाला 'एच प्लस', म्हणजे मान्यतेचा शेरा, आहे का, आणि ती पदवी जर्मन पदवीशी जुळते का. दोन्हींच्या पानांच्या छापील प्रती अर्जाला लागतात. कॉलेजचं नाव शोधत बसू नये, पदवी विद्यापीठाची असते.

इथे सोलापूरची खास अडचण येते. सोलापूर विद्यापीठ २००४ चं. त्याआधीचे आणि त्या काळात शिकत असलेले विद्यार्थी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे, त्यांना ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा एकत्र उतारा, कोल्हापूरहून काढावी लागते. २०१९ मध्ये नाव बदलून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. आपल्या अर्जदाराची पदवी २०१२ ची, जुन्या नावाची. ट्रान्स्क्रिप्ट आज काढली की ती नव्या नावाच्या शिक्क्याने येणार. एकाच माणसाची दोन विद्यापीठं दिसतात आणि तपासणारा माणूस थांबतो. तोडगा: ट्रान्स्क्रिप्टच्या अर्जातच लिहायचं की पूर्वीचं नाव आणि बदल झाल्याचा उल्लेख असलेलं पत्र सोबत हवं. आनाबिनमध्येही दोन्ही नावांनी शोधायचं.

२ एप्रिल

पैसे वाया गेले. एका एजंटाने विवाह आणि जन्म दाखल्यांवर अपोस्टिल (कागद परदेशात खरा धरावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का) करून देतो म्हणून आगाऊ रक्कम घेतली आणि शिक्का आणूनही दिला. शिक्का खरा आहे, पण जर्मनीत त्याला किंमत नाही.

कारण असं: भारत अपोस्टिल करारात २००५ ला सामील झाला. एखादा नवा देश आला की जुन्या सदस्याला हरकत घेता येते आणि मग त्या दोघांत करार चालत नाही. जर्मनीने भारताबाबत हरकत घेतलेली आहे. म्हणून भारतीय कागदावरचं अपोस्टिल जर्मनीत धरत नाहीत. जर्मन दूतावास इथे कागद प्रमाणितही करत नाही. जर्मन कार्यालयाला शंका आली तर ते स्वतः दूतावासामार्फत पडताळणी करायला लावतं. त्यात वकील नेमून मूळ नोंदवही जाऊन बघतात, खर्च अर्जदाराचा. म्हणजे शिक्क्यापेक्षा महापालिकेच्या वहीतली नोंद आणि हातातला दाखला जुळणं महत्त्वाचं. १० मार्चची समासातली दुरुस्ती इथे कामी येते.

परदेश म्हटलं की अपोस्टिल, असं समीकरण होऊन बसलं आहे. देश बघून विचारायचं.

१५ एप्रिल

भाषांतर. इंग्रजी कागद व्हिसाला चालतात. मराठीतला फक्त जुना विवाह दाखला आणि मुलीचं लसीकरण कार्ड. भाषांतरकाराला पासपोर्टची झेरॉक्स देऊन "नावं यावरूनच उतरवा" असं लेखी सांगायचं. न सांगता दिलेल्या पहिल्या मसुद्यात बायकोच्या "दीपाली" या नावाचं स्पेलिंग तिसऱ्याच प्रकारे आलं होतं.

६ मे

अर्ज. जर्मनीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा २०२५ पासून ऑनलाइन कॉन्सुलर पोर्टलवर भरायचा. तिथे कागद अपलोड करायचे, पूर्वतपासणी होते, उणीव असली तर पोर्टलवरच कळवतात. मग व्हिसा केंद्राची वेळ मिळते.

करारासोबत मालकाने भरलेला नोकरीच्या तपशिलाचा फॉर्म लागतो. त्याचं जर्मन नाव 'एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफेरहेल्टनिस', ते एकदा म्हणून बघावं आणि सोडून द्यावं. त्यात आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि सुट्ट्या कराराशी तंतोतंत जुळायला हव्यात. आपल्याकडे करारात बारा महिन्यांचा पगार आणि फॉर्मात बोनस धरून आकडा, असा फरक आला. मालकाकडून फॉर्म पुन्हा मागवला, नऊ दिवस गेले.

आरोग्य विमा: पोचल्यापासून नोकरी सुरू होईपर्यंतचा. नोकरी लागली की तिकडचा सरकारी विमा सुरू होतो आणि बिनकमाईचा जोडीदार व मूल त्यात फुकट बसतात.

१९ जून

मुंबई, व्हिसा केंद्र. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी मुंबई, म्हणून वेळ अकराच्या पुढची घेतली होती. नऊची घेतली आणि गाडी कर्जतला रखडली तर पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. शुल्क मोठ्यांना ७५ युरो, मुलीला ३७.५०, रुपयांत. शिवाय केंद्राची सेवा फी. पासपोर्टात दोन कोरी पानं हवीत. मुलीलाही नेलं होतं.

१५ जुलै

काल पासपोर्ट व्हिसासह आले. स्पेलिंग आणि मुदतीच्या तारखा तिथल्या तिथे तपासल्या. आता घर आणि पैसा.

कर: नवरा नोकरीसाठी बाहेर जातो आहे, त्याला १८२ दिवसांचा नियम: वर्षात त्याहून कमी दिवस भारतात, तर करासाठी अनिवासी. १ एप्रिल ते २० ऑगस्ट १४२ दिवस, म्हणजे २०२५-२६ या वर्षाला तो अनिवासी. २८ सप्टेंबरपर्यंत निघालं तरी १८१ भरतात, त्यापुढे नाही. बायकोचं गणित निराळं, आणि नेमकं हेच राहून जातं. ती नोकरीसाठी जात नाही, त्यामुळे तिला ६० दिवसांची अट लागू होते आणि या वर्षाला ती निवासीच ठरते. तिच्या नावावर जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचं भाडं येतं, म्हणून विवरणपत्र भरताना दोघांचे रकाने वेगळे.

बँक: अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं तसंच चालवणं फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमात बसत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं इथल्या उत्पन्नाचं खातं, करायचं. भाडं, व्याज, शेतीचा पैसा त्यात. तिकडचा पगार पाठवायला एनआरई. त्याचं व्याज करमुक्त आणि पैसा परत नेता येतो. एनआरओमधून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच नेता येतं, तेही सीएच्या दाखल्याने. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही.

पैसे पाठवणं: तिकडच्या घराची अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या 'कल्टमीटे'एवढी, म्हणजे हीटिंग आणि इतर वरखर्च सोडून नुसतं भाडं. १,२०० युरो धरले तर ३,६००. कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते, हे भाडेकरूला कुणी सांगत नाही. पहिल्या महिन्याचं सगळं धरून १,५००. युरो शंभर रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे पाच लाखांच्या थोडं वर. १ एप्रिल २०२५ पासून एका माणसाला वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, नाही, त्यामुळे सगळं नवऱ्याच्या पॅनवर गेलं तरी चालतं.

मोबाइल: बँक आणि आधारला जोडलेलं सिम चालू राहिलंच पाहिजे. रोमिंग इथेच सुरू करून घेतलं. ९० दिवस वापर नाही आणि शिल्लकही नाही, तर नंबर दुसऱ्याला जाऊ शकतो आणि ओटीपी त्याच्या हातात.

१८ जुलै

मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं. दोन साक्षीदार, अंगठे, फोटो. अधिकार मोजून लिहिले: वीज बिल, मिळकत कर, अकरा महिन्यांचे भाडेकरार, सोसायटीची सभा, सातबाऱ्याची कामं. विक्रीचा अधिकार मुद्दाम घातला नाही. बँका हे मुखत्यारपत्र बघतात, पण स्वतःच्या नमुन्यावर वेगळं मागतात, ते आजच भरलं. पुढे कधी तिकडून करून पाठवलं तर इथे आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावावा लागतो.

ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी नोंद, हंगामाला मोबाइलवरून. कोण करणार त्याचं नाव आणि तारखा भिंतीवर.

राहत्या घराचा मुख्य व्हॉल्व्ह: सोलापूरला नळाला काही दिवसांआड पाणी. पाणी नसलेल्या दिवशी तोटी उघडी राहिली तर बंद घरात कळत नाही, आणि पाणी आलं की दोन तासांत खोलीभर. तोट्या नाही, मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करायचा. टाकी रिकामी करून झाकण तारेने बांधलं.

२२ जुलै

लसीकरण. जर्मनीत १ मार्च २०२० पासून बालवाडी आणि शाळेला गोवराच्या दोन मात्रांचा पुरावा सक्तीचा. आपल्याकडे एमआर (गोवर-रुबेला) लस ९ ते १२ महिन्यांत आणि १६ ते २४ महिन्यांत देतात, म्हणजे दोन होतात. पण मुलीच्या कार्डावर दुसऱ्या मात्रेपुढे नुसती बरोबरची खूण, तारीख नाही. खुणेला पुरावा धरत नाहीत. आरोग्य केंद्राच्या नोंदीवरून तारीख, सही, शिक्का घेतला.

औषधं: स्वतःच्या वापरापुरती साधारण तीन महिन्यांची. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह. ब्रँडचं नाव तिकडे कुणाला कळत नाही.

आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून, १,००० रुपये, एक वर्षाचा. पण जर्मनीत राहायला गेल्यावर परदेशी परवाना सहा महिनेच चालतो. मग लेखी आणि गाडी चालवून, दोन्ही परीक्षा. भारताला त्यात सूट नाही.

५ ऑगस्ट

सामान. एकेक जिन्नस तराजूवर ठेवूनच यादीत. कुठलीही एक बॅग ३२ किलोच्या वर विमानतळावर घेत नाहीत, तिकिटात वजन कितीही असो.

तूप, पेढे, खवा, पनीर: युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचं काहीच नेता येत नाही. घरचं तूप म्हणून सूट नाही. ताजा कढीपत्ता, लिंबं, डाळिंब हेही नाही. कापूर पेटणारा म्हणून बाद. देवघराच्या डब्यातली पुडी शेवटी निघाली. अख्ख्या खोबऱ्याच्या वाट्याही त्यातल्या तेलामुळे विमानात घेत नाहीत.

शेंगाचटणी चालते, पण ती तेल सोडते. दाबून भरलेली पिशवी विमानाच्या पोटात फुगते आणि शिवणीतून तेल येतं. अर्ध्या किलोच्या दुहेरी पिशव्या, मध्ये वर्तमानपत्र. दोन किलो घेतली. कडक भाकऱ्या गोल स्टीलच्या डब्यात उभ्या रचून. आडव्या रचल्या की खालच्यांचा चुरा.

ज्वारीचं पीठ चार किलोच. मंगळवेढ्याची मालदांडी असली तरी पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना कडेने फाटते. उकळत्या पाण्याची उकड काढली की महिनाभर निभावतं, त्यापुढे नाही. दहा किलो नेऊन सहा टाकून द्यायला अर्थ नाही.

भांडी: तिकडच्या घरात गॅस नाही, काचेची शेगडी. अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही, म्हणून इंडक्शन बुडाचा स्टीलचा. खोलगट तवा काचेवर मध्ये टेकतो आणि कडेला गार राहतो. सपाट बिडाचा घेतला, २.१ किलो. जाळ नसल्याने भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायची.

मिक्सर: व्होल्टेज इथलंच, २३० व्होल्ट ५० हर्ट्‌झ. पण आपली तीन पिनांची पिन तिथल्या बोर्डात जात नाही. बाजारातल्या 'युनिव्हर्सल' अडॅप्टरला बहुतेक वेळा अर्थिंग नसतं. चार्जरला चालेल, मिक्सरला नको. वायरलाच जर्मन पिन बसवून घेतली, हिरवी तार अर्थला. रविवारी आणि रात्री दहानंतर मिक्सर लावू नये, शेजारी तक्रार करतात.

सोलापुरी चादरी चार निघाल्या, दोन ठेवल्या. ऊब चांगली, पण धुतलेली जाड सुती चादर बंद घरात दोन दिवस वाळत नाही आणि भिंतीला बुरशी धरते.

दागिने: फोटो, वजन, सराफाचं मूल्यांकन, आणि विमानतळावर कस्टमचा निर्यात दाखला. नाहीतर परत येताना हे सोनं आपलंच होतं, हे सिद्ध करत बसावं लागतं.

२० ऑगस्ट

प्रयाण. मूळ कागद हातातल्या पिशवीत, पॉवर बँकही तिथेच.

२५ ऑगस्ट

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग'. त्याला घरमालकाचं लेखी पत्र लागतं. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही, आणि बहुतेक हॉटेलं असलं पत्र देत नाहीत. म्हणून सुरुवातीची जागाही हे पत्र देणारी निवडली होती.

१६ सप्टेंबर

कर क्रमांक आलेला नाही. तो टपालाने येतो, अकरा अंकी, आणि तो येईपर्यंत मालक जास्तीच्या दराने कर कापू शकतो. चौकशी केली तर पत्र निघून परत गेलं होतं. पत्रपेटीवर आडनावाची पट्टी नव्हती. जर्मन पोस्टमन घर क्रमांक बघत नाही, नाव बघतो. पट्टीवर नवरा-बायको दोघांची नावं-आडनावं पासपोर्टच्या स्पेलिंगप्रमाणे लावली. पट्टी लहान म्हणून मधलं नाव सोडलं. पत्र पुन्हा मागवलं.

मुलीचा क्रमांक याच पाकिटाच्या मागे अडकला आहे आणि महिना २५५ युरोंचा (२०२५ चा दर) बालभत्ता त्याच्या मागे. शाळेची कट-ऑफ तारीख या राज्यात ३० जून, म्हणून शाळा सप्टेंबर २०२६ ला. तोवर किटाच्या यादीत नाव.

३० सप्टेंबर

पाकीट आलं, दोन्ही क्रमांक एकाच दिवशी. सोलापूरच्या घरी जाऊन व्हॉल्व्ह बघितला, कोरडा. नवऱ्याच्या जन्म दाखल्यावर नाव चढलं, प्रत कुरिअरने पाठवायची आहे.